पहिल्या रविवारची तपासणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय योगीराज दुधाटे, आजचे सत्कारमूर्ती, रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून गेल्याच आठवड्यात निवृत्त झालेले आमचे सिद्धोधन वाव्हळे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि हा कार्यक्रम लवकर आटोपावा अशी मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या बबितावहिनी, सहायक ग्रंथपाल साक्षी, सगळ्यांना पाणी मिळाल्याची खात्री करून मगच खुर्चीला पाठ टेकलेल्या धुरपताबाई, आणि पूर्णा शहरातील व आसपासच्या गावांतून आलेले वाचकहो,

भाषणाला आरंभ करण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार या सभागृहापुढे मांडायची आहे. आपल्या वाचनालयाच्या दारात, टेबलावर, हजेरीची एक वही असते. तिला दोरीनं पेन बांधलेलं असतं आणि ते पेन उमटत नसतं, ही आपली परंपरा. आज वही नव्हती. तिच्या जागी ठिपक्याठिपक्यांचं एक चौकोनी चित्र चिकटवलेलं होतं. मी विचारलं, वही कुठं आहे? उत्तर मिळालं, मोबाईल धरा यावर. धरला. त्यानं नाव विचारलं, सांगितलं. नंबर विचारला, नाइलाजानं सांगितला. मग जन्मतारीख विचारली. मग मी कुठं आहे ते त्याला कळू द्यावं, अशी परवानगी मागितली. मी त्याच्यासमोर उभा होतो. एवढं सगळं दिल्यावर चिवडा आणि पेढा यांचं कूपन मिळतं म्हणे. एका बशीभर चिवड्यासाठी जन्मतारीख हा सौदा मला संशयास्पद वाटला, म्हणून मी कूपन घेतलं नाही. या व्यासपीठावर आज एक वक्ता उपाशीपोटी उभा आहे, याची इतिवृत्तात नोंद व्हावी.

अध्यक्षमहोदय हसताहेत, म्हणजे कल्पना त्यांचीच दिसते.

असो. संशय हा माझा धंदा आहे. परभणीच्या एका दैनिकाला मी गेली सव्वीस वर्षं या भागातल्या बातम्या देतो. पाहुण्यानं 'प्रसंगोचित विचार' मांडले असं तुम्ही वाचता, तेव्हा त्याच्या भाषणातलं जे छापू नये ते मी गाळलेलं असतं. माणूस काय सांगतो त्यापेक्षा का सांगतो, हे आधी बघायचं, अशी सवय झाली आहे. त्याच्याही आधी, लहानपणची दहा वर्षं पाठशाळेत गेली. तिथं गुरुजी श्लोक म्हणायचे, आम्ही दोनदा म्हणायचो, पाटीवर लिहायचो, दाखवायचो आणि पुसायचो. पाठ झाला की पाटी पुसायची, हा नियम. पाटीवर काही शिल्लक दिसलं तर गुरुजी म्हणायचे, अजून डोक्यात गेलेलं दिसत नाही. या सवयीनं पुढं माझा घात कसा केला, ते सांगणार आहे. त्यासाठीच उभा आहे.

वाव्हळे साहेबांची आणि माझी खरी ओळख सहा वर्षांपूर्वीची. तोवर मी त्यांना फक्त बघत होतो. ड्युटी संपली की सायकलवरून इथं यायचे, मागच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरपुढं बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. मला ते संशयास्पद वाटायचं. रेल्वेचा माणूस, रविवारी, बिनपगारी, बंद खोलीत काय करतो? मी एकदा धुरपताबाईंना हळूच विचारलंही. त्या म्हणाल्या, "काय की बाबा. तिथं पंखा हाय, म्हणून बसत असतील."

मी तेव्हा माझी सगळी टिपणं मोबाईलच्या एका अ‍ॅपमध्ये ठेवत असे. आधी वहीत लिहायचं, संध्याकाळी घरी आलं की मोबाईलवर उतरवायचं, ही पद्धत. अ‍ॅप फुकट होतं, देखणं होतं, कंपनी मोठी होती. नाव घेत नाही, कारण त्यांचे वकीलही मोठे असणार. मी नवा मोबाईल घेतला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या अ‍ॅपनं मला विचारलं, तुम्ही खरंच तुम्ही आहात का? हा प्रश्न पाठशाळेत आम्हाला वेगळ्या अर्थानं विचारत आणि उत्तर द्यायला आयुष्यभराची मुदत असे. इथं दहा मिनिटं होती. खात्री पटवण्यासाठीचा आकडा माझ्या जुन्या नंबरावर गेला. ते सिम मी त्याच्या दोन वर्षं आधी बंद केलेलं. म्हणजे तो आकडा आता कुणा अनोळखी सद्गृहस्थाकडे जात होता, आणि मी कोण हे सिद्ध करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता.

खातं बंद झालं. आत सहा वर्षांची टिपणं. वह्या होत्या, पण त्यांत हवं ते सापडायला आणखी सहा वर्षं लागली असती. मी कंपनीला अकरा पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला उत्तर आलं, तत्काळ आलं, आणि प्रत्येकात माझ्या संयमाबद्दल आभार मानले होते. माझ्याकडे तो नव्हता.

तेव्हा याच दारात मी दुधाटे साहेबांना माझं गाऱ्हाणं सांगत होतो. मागच्या खोलीतून आवाज आला, "शास्त्री, जुना मोबाईल फेकला का हाय?"

मला शास्त्री म्हणणारा हा पहिलाच माणूस. बाकी सगळे बन्सीधरराव म्हणतात. मी म्हणालो, ड्रॉवरमध्ये आहे.

"त्याला नेट लावू नका. वायफाय न्हाई, सिम न्हाई. बंद करून तसाच घेऊन या. लावलं की त्याला कळंल तुमाला भाईर काढलंय, अन् मंग तो बी आतून कडी लावंल."

घेऊन आलो. दीड तासात वाव्हळे साहेबांनी त्यातून चार हजारांवर टिपणं काढली आणि साध्या मजकुराच्या फायली करून माझ्यासमोर ठेवली. मी आभार मानायला हवे होते. मी विचारलं, आता हे तुम्हाला पण वाचता येतं का?

"येतं की. म्हणूनच साधं केलंय. मला येतं, तुमाला येतं, वीस वर्षांनी ज्याला अक्षर येतं त्याला येतं. त्या अ‍ॅपचं लिखाण फक्त त्या अ‍ॅपला यायचं. तुमची वही अन् वाचायला त्यांची परवानगी, हे कसलं हो?"

मग त्यांनी मला मागच्या खोलीतलं रहस्य दाखवलं. तो जुना कॉम्प्युटर म्हणजे या वाचनालयाचा सर्व्हर. त्यावर लिनक्स नावाची फुकट प्रणाली आणि तशीच फुकट अ‍ॅपं. वर्गणीदारांची यादी, पुस्तकांची सूची, आपल्या वार्षिक अंकाचे सगळे लेख त्यात. ज्याला हवं त्यानं आपल्या मोबाईलमधली टिपणं तिथं जोडून घ्यावीत. मोबाईलमध्ये काही लिहिलं की ते आपोआप इथं पोहोचतं, मध्ये कुणाचीही कंपनी नाही. आणि दर शनिवारी त्या सगळ्याची एक नक्कल हार्डडिस्कवर. डिस्क दोन. एक वाव्हळे साहेबांच्या घरी, एक इथं कपाटात. शनिवारी अदलाबदल.

कपाटातली डिस्क धुरपताबाईंच्या ताब्यात. आपल्याकडं निजामाच्या काळापासून दफ्तर लाल फडक्यात बांधायची रीत आहे, त्याला बस्ता म्हणतात. धुरपताबाईंनी त्या डिस्कलाही बस्ता बांधला, वर चिठ्ठी लावली आणि आत दोन डांबरगोळ्या टाकल्या. वाव्हळे साहेब म्हणाले, बाई, याला कसर लागत न्हाई. बाई म्हणाल्या, "पुस्तकाला बी लागत न्हाई म्हणले व्हते." डांबरगोळ्या अजून आहेत.

मला हे सगळं पटलं असं समजू नका. मी चार महिने संशय घेतला. पहिला संशय, हे फुकट का? ही अ‍ॅपं लिहिणारे लोक म्हणे जगभर पसरलेले, एकमेकांना न भेटलेले, आणि बरेचसे बिनपगारी. मी म्हणालो, वाव्हळे साहेब, परदेशातला माणूस माझ्या टिपणांसाठी रात्रंदिवस फुकट खपतो, यात काहीतरी भानगड आहे.

"तुमी आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी लेख लिवताव. पैसे घेताव का?"

नाही.

"मंग तुमची काय भानगड हाय?"

दुसरा संशय, अंतर्यामी काय आहे? ते म्हणाले, उघडून बघा. सगळा कोड खुला आहे, ज्याला समजतो त्यानं वाचावा, चूक दिसली तर दाखवावी. मी म्हणालो, मला समजत नाही, मग खुला असून मला काय उपयोग? आणि इथं मी जरा विद्वत्ता दाखवायला गेलो. म्हणालो, आमच्याकडे पाठांतराची व्यवस्था यापेक्षा पक्की होती. एकच मंत्र सरळ म्हणायचा, मग पदं तोडून, मग दोन दोन पदं जोडून, मग उलटसुलट विणून. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर लगेच पकडलं जाई. हजारो वर्षं ना वीज लागली, ना डिस्क.

वाव्हळे साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "व्यवस्था भारी होती, खरंच. पर शास्त्री, आमच्या आज्यानं तुमच्या पाठशाळेच्या दारात उभं राहून ऐकलं असतं तर?"

त्यांनी फडकं घेतलं आणि माऊस पुसायला लागले.

"ते बंद होतं. हे उघडं हाय. मला समजतं म्हणून मी आत हाय, कुणाच्या पोटी जलमलो ते हितं कुणी इचारलं न्हाई. मला येवढं पुरतं."

ते हे रागानं म्हणाले नाहीत. माऊस पुसता पुसता म्हणाले. त्या दिवशी मी माझा मोबाईल त्या मशीनला जोडून घेतला.

आता माझा घात. तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. विशेषांकासाठी फोटो काढून काढून मोबाईल भरला. जागा करायला हवी होती. एका गुरुवारी दुपारी मी शांतपणे बसलो आणि मोबाईलमधली सगळी टिपणं पुसली. सगळी. विचार असा, की पाठ वाचनालयाच्या मशीनला झालेला आहे, गुरुजींच्या डोक्यात गेलेला आहे, तेव्हा पाटी पुसायला हरकत नाही. पुसून मला फार बरंही वाटलं. चाळीस वर्षांपूर्वीची स्वच्छता.

संध्याकाळी इथं आलो, एक जुनं टिपण बघावं म्हणून. मशीनवरही काही नव्हतं.

मी काय केलं असेल? मी सरळ आरोप केला. याच सभागृहात, दहा-बारा वाचकांसमोर. म्हणालो, मला पहिल्यापासून शंका होतीच. कुणीतरी माझी टिपणं उडवली. वाव्हळे साहेब डबा उघडून बसले होते, त्यांनी घास हातातच ठेवला.

"मोबाईलमधून काई काढलं का तुमी?"

मी सांगितलं, अभिमानानं सांगितलं.

"तुमी पुसलं, म्हणून त्यानं बी पुसलं. त्याचं कामच ते हाय. हितं जे तेच तिथं. तुमी त्याला गुरू समजायलाव, तो शिष्य हाय, अन् लय आज्ञाधारक हाय." मग म्हणाले, "जोडणी म्हंजे नक्कल नव्हं, शास्त्री. नक्कल ती बस्त्यातली."

बाईंनी बस्ता सोडला. आधीच्या शनिवारपर्यंतचं सगळं परत आलं. रविवार ते गुरुवार, पाच दिवसांचं गेलं, ते कायमचं गेलं, कारण तोवर मी वही सोडून थेट मोबाईलवर लिहायला लागलो होतो. माझ्या आरोपाबद्दल मी क्षमा मागितली का? माझ्या आठवणीप्रमाणे मागितली. वाव्हळे साहेब मान हलवताहेत. म्हणजे मागितली नसावी. आज मागतो.

त्या गुरुवारनंतर वाव्हळे साहेबांनी एक नियम केला, आणि या नियमासाठी मी त्यांचा सत्कार करायला उभा आहे. रेल्वेत म्हणे गाडी सोडली म्हणून ती पोहोचली असं धरत नाहीत. पुढच्या स्टेशनानं गाडी पूर्ण आली असं कळवल्याशिवाय मागच्याला दुसरी सोडता येत नाही. ते म्हणाले, आपण दर शनिवारी नक्कल काढतो म्हणजे नुसती गाडी सोडतो. पोचली का न्हाई, कोण इचारतंय? म्हणून महिन्याचा पहिला रविवार तपासणीचा. डिस्कवरची नक्कल दुसऱ्या एका रिकाम्या मशीनवर उतरवायची. मग ज्याची टिपणं त्यानं यायचं, आपलं एक जुनं टिपण कुठलंही उघडायचं, मोठ्यानं वाचायचं आणि सांगायचं, हे माझंच आहे आणि पूर्ण आहे. मग साक्षी वहीत बरोबरची खूण करते. वहीत, दुधाटे साहेब, कागदाच्या.

तीन वर्षं हे चाललं. पाच-सहा जण असायचो. कुणी आपल्या विहिरीच्या पाण्याची नोंद वाचायचा, कुणी लेकीच्या लग्नातल्या आहेराची यादी, आणि मग त्यावरून अर्धा तास गप्पा. माझ्या टिपणांवर हशा ठरलेला. अध्यक्षमहोदयांनी एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाले, कशाला हे एवढं? एक कंपनी सगळं फुकट ठेवून घेते, जागा पाहिजे तेवढी, मी माणसाला बोलावतो. तो माणूस आला. मी त्याला करार मागितला. बेचाळीस पानं होती, आणि बेचाळिसाव्या पानावर होतं, की आधीची एकेचाळीस आम्ही केव्हाही बदलू शकतो. साहेब, तुमचा हेतू चांगला होता. वाव्हळे गेल्यावर कोण बघणार, ही तुमची काळजी मला कळते. पण परवाच्या तपासणीत साक्षीनं सगळी नक्कल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं उतरवून दाखवली. वाव्हळे साहेब मुद्दाम बाहेर चहा पीत बसले होते. दोन चहा झाले. आत गेले नाहीत. पासवर्ड तीन जणांकडे आहेत, कसं करायचं ते मराठीत लिहून भिंतीला लावलं आहे. तेव्हा मशीनची काळजी नसावी. ते नागपूरला लेकीकडं, संघप्रियाकडं निघाले तरी हे चालेल. मी संशयी माणूस आहे, आणि मी हे म्हणतो आहे.

आता जे सांगायचं आहे ते इथं सांगावं की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. वाव्हळे साहेब म्हणाले, सांगा.

गेल्या महिन्यातला पहिला रविवार. माझी पाळी आली. मी डोळे मिटून एक फाईल उघडली आणि नेहमीच्या थाटात मोठ्यानं वाचायला लागलो. टिपण नऊ वर्षांपूर्वीचं होतं. चतुराबाई, पिंगळी, स्टेशनासमोर चहाचं दुकान. रस्ता रुंद करताना दोन कडुलिंब पाडणार आहेत. ते त्यांच्या मालकांनी लावले, गँगमन होते, ड्युटीवरून येताना डबड्यातून पाणी आणून घालायचे. आता वारले. मालकांचा एकच फोटो आहे, रोपाशेजारी बादली घेऊन उभे. छापण्यासाठी घेतला. बाई द्यायला तयार नव्हत्या. रविवारपर्यंत आणून देतो असं कबूल केलं आहे.

वाचता वाचता माझा आवाज हळू झाला. यातलं मला काहीच आठवत नव्हतं. बाई नाही, झाड नाही, फोटो नाही. नुसतं अंधुक असतं तर वेगळं. आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत, असं.

तेव्हा मी काय म्हणालो असेन, ते तुम्ही आता ओळखाल. मी म्हणालो, हे माझं नाही. कुणाचं तरी टिपण माझ्यात मिसळलं आहे. नक्कल बिघडली आहे.

साक्षीचा चेहरा उतरला. तिनं दोनदा तपासलं. म्हणाली, काका, तुमच्याच फोल्डरमध्ये आहे. मी म्हणालो, मग आत कुणीतरी शिरलं आहे.

वाव्हळे साहेब उठले. धुरपताबाईंना म्हणाले, "बाई, शास्त्रींच्या वह्यांचा बस्ता सोडा." माझ्या जुन्या वह्या मी इथंच ठेवल्या आहेत, घरी वाळवी आहे म्हणून. बाईंनी त्या वर्षाची वही काढली. तारीख बघून पान उघडलं. माझं अक्षर. तेच शब्द, त्याच क्रमानं. आणि पानांमध्ये तो फोटो. बारीक मिशीचा माणूस, हातात बादली, शेजारी कमरेइतकं लिंबाचं रोप.

खोलीत पाच माणसं होती. सगळी दुसरीकडं बघायला लागली. कुणाला कपाटात काही दिसलं, कुणाला खिडकीबाहेर. वाव्हळे साहेब साक्षीला म्हणाले, "नक्कल बरोबर हाय. खूण कर." मग डबा उघडून मला अर्धी भाकर दिली आणि यंदा हरभऱ्याचं काय, असं काहीतरी विचारलं.

जाताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. चौकात म्हणाले, "किती दिसापासून व्हायलंय?"

काय?

"मला काय इचारताव. तुमाला ठाऊक हाय."

मी म्हणालो, कामाचा ताण आहे. ते म्हणाले, बरं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पॅसेंजरनं पिंगळीला गेलो. चहाचं दुकान आहे. लिंब नाहीत. मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले, पण त्या बाईंसमोर बाकड्यावर बसून मला सुरुवात सुचेना. फोटो पुढं केला. चतुराबाईंनी हात पदराला पुसले, फोटो घेतला, उजेडात धरला.

"पेपरवाले का तुमी?"

हो म्हणालो. उशीर झाला म्हणालो.

"बातमी आली व्हती. फोटू न्हवता त्यात."

जागा नव्हती.

"लिंब गेलं, फोटू बी गेला म्हणलं मी. मंग न्हाई इचार केला." त्या फोटोकडंच बघत होत्या. "माझ्या लक्षात ऱ्हायलं न्हवतं त्यांनी मिशी ठिवलेली. बसा, च्या टाकते."

रागावल्या नाहीत. वाव्हळे साहेब दोन चहा प्यायले आणि त्यांच्याशी कुठल्या गँगमध्ये कोण होतं, ते बोलत बसले.

परत आल्यावर मी साक्षीला सांगितलं, माझ्या सगळ्या टिपणांमध्ये 'परत' हा शब्द शोध. साध्या मजकुराचा हा फायदा, की हुकूम सोडला आणि दोन मिनिटांत यादी आली. परत देणे, परत जाणे, परत फोन करणे, अशा मी लोकांना कबूल केलेल्या आणि पुऱ्या केल्याची नोंद नसलेल्या सतरा गोष्टी निघाल्या. त्यातल्या अकरा मला आठवतात, त्यांची लाज वाटते. उरलेल्या सहा वाचताना मला कुणी परका बोलतो आहे असं वाटलं. सव्वीस वर्षं मी कंपन्यांवर, पुढाऱ्यांवर, परदेशी लोकांवर आणि वाव्हळे साहेबांवर संशय घेतला. तो स्वतःवरही घ्यावा, हे या माणसाच्या तपासणीशिवाय मला कळलं नसतं.

वाव्हळे साहेबांची नागपूरची गाडी बुधवारी आहे. त्याआधी, मंगळवारी, ते माझ्याबरोबर परभणीला डॉक्टरांकडे येणार आहेत. वेळ त्यांनीच घेतली, माझ्यावर सोपवली नाही.

आता आभार. वाचनालयाच्या समितीनं मला बोलायला उभं केलं, त्याबद्दल समितीचे. चार हजार टिपणं आणि एक मित्र परत मिळवून दिल्याबद्दल वाव्हळे साहेबांचे, मित्र म्हणजे ते स्वतः. बबितावहिनींचे, कारण इतकी वर्षं आम्ही त्यांचे रविवार घेतले, ते आज परत करतो आहोत, थोडे वापरलेले आहेत. साक्षीचे, धुरपताबाईंचे, आणि इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुमचे. अध्यक्षमहोदयांची मी फार चेष्टा केली, ती त्यांनी पोटात घालावी.

बोलण्यात कुणाचं नाव राहून गेलं असेल तर क्षमा करा. वक्ते हे सवयीनं म्हणतात, मीही आजवर म्हणत आलो. आज एवढंच सांगतो, की नाव राहिलं असेल तर ते मुद्दाम वगळलेलं नाही, आठवलेलं नाही. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. ते साठीला आले होते, आणि शेवटी आईला कोण तुम्ही असं विचारायचे. मी चौपन्न वर्षांचा आहे. मला भीती वाटते.